पंधरा पाककृती आल्या, ताटात मात्र पिवळा भातच

परसदार:
शालेय पोषण आहाराचा विषय निघाला की चर्चा दोनच ठिकाणी अडकते. अंडं द्यावं की नाही, आणि कुठल्या शाळेत विषबाधा झाली. रोज मधल्या सुट्टीत मुलांच्या ताटात काय पडतं, त्यातलं किती पोटात जातं आणि किती शाळेमागच्या कुत्र्यांना, यावर कोणी बोलत नाही.

जून २०२४ मध्ये राज्याने पंधरा पाककृतींची यादी काढली. मटार पुलाव, चवळी खिचडी, मोडाच्या मटकीची उसळ, शेवगा घातलेलं मुगाचं वरण आणि भात, गोडाला तांदळाची खीर नाहीतर नाचणी सत्त्व. वाचूनच भूक लागावी. मी ज्या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आहे, तिथे सोमवारचा मटार पुलाव आणि गुरुवारचा मसालेभात डोळे मिटून ओळखून दाखवा, बक्षीस देतो. दोन्ही गिच्च, दोन्हींत हळद सढळ.

माझं म्हणणं एवढंच: पाककृती कमी पडत नाहीत, रांधणाऱ्या बाईकडे आपण बघत नाही. पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं द्यायची, १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी. मे २०२५ पासून त्यासाठी मुलामागे रोजचे ६ रुपये ७८ पैसे, तांदूळ वेगळा मिळतो. आणि मदतनीस बाईला महिन्याला २५०० रुपये, तेही वर्षातले दहाच महिने. दिवसाला शंभरच्या आसपास पडले. मटकीला मोड आणायचे तर आदल्या दिवशी भिजवा, उपसा, बांधून ठेवा. शंभर रुपयांत ती हे का करेल?

खडूमास्तर:
परसदारभाऊ, २०२३ मध्ये हेच मानधन १५०० वरून २५०० झालं. चव बदलली? आमच्याकडे तर नाही. दोष बाईंचा नाही आणि पैशाचाही पूर्ण नाही. एका चुलीवर, एका पातेल्यात, दोन तासांत शंभर मुलांचं जेवण करायचं म्हटल्यावर भातात सगळं ढकलणं हाच मार्ग उरतो. शिवाय आम्हा शिक्षकांचं काय? हजेरीबरोबर ताटांची नोंद, धान्याचा साठा, भाजीची बिलं, वाढण्याआधी चव घेणं. गणित कधी शिकवायचं? शहरात आहेत तशी मोठी स्वयंपाकगृहं तालुक्याला एक करा. स्टीलची भांडी, वाफेवरचा भात, आहारतज्ज्ञ, तपासणी. शाळेने फक्त वाढावं.

घाटमाथा:
गुरुजी, तालुक्याला एक? आमच्या वाडीवर पावसाळ्यात एसटी आली तर बातमी होते. दहा वाजता शिजलेला भात दीड वाजता पोचेल, तोवर त्याचे गोळे झालेले असतील. मोठ्या स्वयंपाकगृहाचा भात स्वच्छ असतो हे मान्य, पण मुलांनी परत आणलेले डबे कोणी मोजले का? आमच्याकडची बाई परसबागेतली लाल माठाची भाजी चिरून डाळीत घालते, वरून लसणाची फोडणी. फोडणीचा वास वर्गात आला की पोरांचं पुस्तकातलं लक्ष उडतं. तेवढं एक नुकसान आम्ही सोसतो.

दोनचारअंडी:
सगळे अंड्याला वळसा घालून चाललात, म्हणून मीच बोलतो. डाळीत पाणी वाढवता येतं, भाजी कमी टाकता येते. अंड्यात पाणी घालता येत नाही! एक मूल, एक अंडं, मोजून घ्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडं सुरू झालं, न खाणाऱ्याला केळं. अंड्यामागे पाच रुपये. जानेवारी २०२५ मध्ये तो निधी थांबवला, नाचणी सत्त्वाच्या साखरेचाही. लोकसहभागातून करा म्हणे. ज्या गावाला गरज, त्याच गावाने वर्गणी काढायची? तिकडे तमिळनाडूत कितीतरी वर्षं शाळेत अंडं मिळतंय, आणि २०२२ पासून सकाळचा नाश्ताही.

तुळशीवृंदावन:
आमच्या घरात अंडं चालत नाही. केळं देता, ठीक. पण अंडा पुलाव ज्या पातेल्यात झाला त्यातच दुसऱ्या दिवशी खिचडी होणार, त्याचं काय? हा प्रश्न विचारला की लगेच आम्ही मागासलेले. जानेवारी २०२४ मध्ये शासनानेच म्हटलं होतं की चाळीस टक्क्यांहून जास्त पालकांचा विरोध असेल त्या शाळेत अंडं देऊ नये. प्रथिनांसाठी शेंगदाणे, फुटाणे, दही आहेच की.

दोनचारअंडी:
ताई, उकडलेलं अंडं वेगळ्या भांड्यात होतं, पुलावाचा हट्ट मीही धरत नाही. पण चाळीस टक्क्यांना नको म्हणून साठ टक्क्यांच्या ताटातून काढायचं? आणि दही एप्रिलमध्ये फ्रिजशिवाय शाळेत ठेवून दाखवा.

डबावाली_आई:
भाजीचं एक राहिलं. दुधीच्या एवढाल्या फोडी तरंगताना दिसल्या की माझी लेक ताटच सरकवते. घरी तोच दुधी किसून थालीपिठात घालते, दोन खाते. शाळेला मोठी किसणी घेऊन द्या ना कोणी! वर्गणी त्यासाठी काढू.

परसदार:
किसणीची वर्गणी माझ्याकडून. खडूमास्तर, चुलीचा आणि वेळेचा मुद्दा पटतो, म्हणून तर म्हणतो, एका बाईवर शंभर मुलं टाकू नका. पंचवीसपर्यंत एक, शंभरपर्यंत दोन मदतनीस हा नियम आहेच, पण दोन जणींत एवढं सगळं होत नाही, तिसरी द्या. आणि भाजी-इंधनाचे पैसे आगाऊ द्या. आमच्याकडे ते महिनोन्‌महिने मागून येतात, तोवर मुख्याध्यापक दुकानदाराकडे उधारीवर. उधारीत तो जो देईल तो बटाटा.

खडूमास्तर:
आगाऊ पैशाला माझी सही घ्या. तिसऱ्या मदतनिसालाही. फक्त ती निवडणार कोण ते आधी ठरवा. आमच्या गावात आत्ताच्या दोघींपैकी एक सरपंचांची भावजय आहे, आणि मीठ जास्त झालं हे सांगायची माझीसुद्धा हिंमत होत नाही.