४.८१ लाख, २१ लाख की ४७ लाख? कोव्हिडच्या मृत्यूंचा खरा आकडा कोणता?

शंकेखोर_पुतण्या
मे २०२५ मध्ये २०२१ च्या जन्म-मृत्यू नोंदणीची आकडेवारी बाहेर आली, तेव्हापासून आमच्या घरच्या ग्रुपवर जुंपली आहे. काका म्हणतात, "त्या वेळी ट्रकखाली मेला तरी कोव्हिडच लिहायचे, हॉस्पिटलला मढ्यामागे पैसे मिळायचे." मावसभाऊ म्हणतो, जागतिक आरोग्य संघटनेने ४७ लाख सांगितले, सरकारने नव्वद टक्के दडवले. सरकारी आकडा २०२१ अखेरपर्यंत ४.८१ लाख. आणि आता म्हणे एकट्या २०२१ मध्ये आदल्या वर्षापेक्षा २१ लाख मृत्यू जास्त. राजकारण नको, हे आकडे तयार कसे होतात ते कोणी सांगेल का?

घाटावरचा
काकांना ग्रुपमधून काढा. विषय संपला.

नमुना_चार
काढू नका हो, म्हातारी माणसं रुसतात. मी एका नगरपालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर होतो, दुसरी लाट तिथेच काढली. आता निवृत्त. तेव्हा जे हाताखालून गेलं तेवढंच सांगतो.

ट्रकचं आधी. महाराष्ट्राच्या रोजच्या बुलेटिनमध्ये 'इतर कारणांमुळे झालेले मृत्यू' असा वेगळा रकाना होता. पॉझिटिव्ह माणूस अपघातात गेला, आत्महत्या केली, तर तो त्या रकान्यात. पैशांचं म्हणाल तर महात्मा फुले योजनेतून उपचारांचं बिल मिळायचं, मरणाचं नव्हे. पन्नास हजारांचं सानुग्रह अनुदान वारसांना होतं, तेही सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर, २०२१ च्या ऑक्टोबरपासून. तोवर दुसरी लाट ओसरली होती.

आता कागद. दवाखान्यात मृत्यू झाला की डॉक्टर नमुना ४ भरतो. त्यात तात्काळ कारण, त्याच्या मागचं कारण आणि सगळ्यात खाली मूळ कारण. अर्धा घोळ इथेच. 'हृदयक्रिया बंद पडून' असं लिहून मोकळे होणारे डॉक्टर कोव्हिडच्या आधीही होते. अहो, हृदयक्रिया बंद पडल्याशिवाय कोण मरतं? घरी मेला तर नमुना ४ अ, पण तो भरणारा डॉक्टर मिळाला तर. २०२० मध्ये देशभरात नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम साडेबावीस टक्क्यांना डॉक्टरने प्रमाणित केलेलं कारण होतं. राहिलेल्यांच्या मरणाची नोंद आहे, कारणाची खात्री नाही. टेस्ट न होता घरी ताप येऊन गेलेली आजी ४.८१ लाखांत यायची कुठून?

दुसरं म्हणजे नोंद मृत्यू जिथे झाला तिथे होते, राहत्या गावी नाही. तालुक्यातला पेशंट शहरात ऑक्सिजनच्या शोधात आला आणि गेला, की शहराचा आकडा फुगतो आणि गावचा सरपंच म्हणतो, आमच्याकडे काहीच नव्हतं.

आणि बुलेटिनमधलं ते वाक्य आठवतं का? आजच्या मृत्यूंपैकी इतके मागच्या ४८ तासांतले, इतके मागच्या आठवड्यातले, उरलेले त्याहून जुने. टीव्हीवाले बेरीज दाखवायचे, खालचं कोणी वाचायचं नाही. १६ जून २०२० ला राज्याने ताळमेळ घालून १,३२८ जुने मृत्यू एकदम चढवले, त्यातले ८६२ मुंबईचे. बिहारने जून २०२१ मध्ये एका दिवसात ३,९५१ वाढवले. लोक त्या दिवशीच घाबरले, माणसं केव्हाच गेली होती.

गणिताच्या_बाई
नमुना_चार, तुमची कागदाची बाजू पटली. ४७ लाखांबद्दल मी लिहिते, कारण मावसभावालाही थोडं आवरायला हवं.

तो मोजलेला आकडा नाही, अंदाज आहे. ३३ ते ६५ लाख अशी त्याची कक्षा आहे आणि ४७ हा मधला. १७ राज्यांचे जे मिळाले ते आकडे घेऊन बाकी देश त्यावरून बसवला. भारत सरकारने त्यावर हरकत घेतली. मला ती सगळीच खोडसाळ वाटत नाही.

म्हणून सरकारचेच नोंदणीचे आकडे घ्या. २०१८ मध्ये ६९.५ लाख, २०१९ मध्ये ७६.४, २०२० मध्ये ८१.२ आणि २०२१ मध्ये १०२.२ लाख. २०१८ वरून २०१९ ला येताना साथ नसतानाच जवळजवळ सात लाख वाढले, कारण नोंदणी सुधारत होती. तेव्हा २०२० च्या पावणेपाच लाख वाढीवरून कोणालाच काही सिद्ध करता येत नाही. २०२१ चं मात्र तसं नाही. २१ लाखांतून त्या सवयीच्या वाढीचे सात वजा करा. लॉकडाऊनमुळे रखडलेल्या २०२० च्या नोंदींसाठी आणखी थोडे सोडा. तरी त्या वर्षाच्या कोव्हिडच्या सरकारी ३.३ लाखांच्या कितीतरी पट उरतात. ते सगळे विषाणूनेच गेले असं मी म्हणत नाही. डायलिसिस चुकलेले, बेड न मिळालेले हृदयरोगीही त्यात आहेत. आणि ज्यांची नोंदच झाली नाही ते यात नाहीतच.

४.८१ लाख हा तळ आहे, एवढं मी छातीठोकपणे म्हणेन. ४७ साठी भांडणार नाही.

शंकेखोर_पुतण्या
बाई, तुमचं काकांना जसंच्या तसं पाठवलं. त्यांचं उत्तर: "मग महाराष्ट्रात अनुदानाचे अर्ज मृत्यूंपेक्षा जास्त कसे? सगळे खोटेच ना?"

नमुना_चार
काका बारीक वाचतात म्हणायचे. जानेवारी २०२२ मध्ये कोर्टापुढे आलं ते असं: महाराष्ट्रात नोंदलेले मृत्यू १.४१ लाख, अर्ज २.१३ लाखांवर. गुजरातमध्ये मृत्यू सुमारे दहा हजार, अर्ज नव्वद हजारांच्या घरात. त्यात दुबार अर्ज होते, खोटी सर्टिफिकिटंही होती. कोर्टाने महाराष्ट्रासह चार राज्यांत पाच टक्के अर्ज तपासायला सांगितले ते त्यासाठीच. पण पॉझिटिव्ह आल्यापासून तीस दिवसांत गेलेला माणूस धरायचा, हा नियम बाहेर पडल्यावरही आकडा फिरला. आधी 'न्यूमोनिया' म्हणून नोंदलेली प्रकरणं घेऊन लोक माझ्याकडेच चौकशीला यायचे. गुजरातने अडुसष्ट हजारांवर अर्ज मंजूर केले, ते सगळेच खोटे कसे म्हणणार?

काकांना एक काम द्या. माहितीच्या अधिकारात तुमच्या गावच्या ग्रामपंचायतीकडे आणि जिथे गावचे पेशंट जायचे त्या शहराकडे एप्रिल-मे महिन्यांतल्या एकूण मृत्यूनोंदी मागा, २०१८, २०१९ आणि २०२१ च्या. कारण विचारूच नका, नुसती संख्या. अर्जाची फी दहा रुपये.

शंकेखोर_पुतण्या
अर्ज लिहायला काका बसलेत. दहा रुपये मी द्यायचे म्हणतात.