मदत हवी आहे: 'सोल स्टेशन'नंतर काय ऐकू?

मंडळी, महिनाभर जॅझ सॅक्सोफोनवादक हँक मोबलीच्या 'सोल स्टेशन' या अल्बममध्येच अडकलोय. रेकॉर्डिंग फेब्रुवारी १९६० चं, पण पहिल्याच ट्रॅकमध्ये, 'रिमेंबर'मध्ये, टेनर सॅक्सोफोन असा मऊ, अंमळ रेलून येतो की हातातला चहा गार होतो. (दुसरा सॅक्सवादक जॉन कोल्ट्रेन, त्याची आग मला अजून झेपत नाही, आधीच कबूल करतो.) मोबलीचाच त्याच वर्षीचा 'रोल कॉल'ही ऐकला. पियानोवर विंटन केली, बेसवर पॉल चेंबर्स, ड्रम्सवर आर्ट ब्लेकी, साथीदार तेच. फक्त फ्रेडी हबर्डचा ट्रम्पेट आला आणि घरात पाहुणे आल्यासारखं झालं! मला एकट्या सॅक्सचा निवांतपणा हवाय. मोबलीच्याच 'वर्कआउट'मध्ये ग्रँट ग्रीनची गिटार आहे, तर सॅक्सवादक डेक्स्टर गॉर्डनच्या 'गो'मध्ये 'सोल स्टेशन'सारखे चौघंच. पैसे एकाच एलपीपुरते आहेत. कुठला घेऊ?