पावसाळ्यात होडी शाकारताना टाकीत पेट्रोल ठेवायचं की काढायचं?

करलीकाठ

नमस्कार मंडळी. कर्ली खाडीत माझी 16 फुटी फायबरची होडी आहे, मागे 15 एचपीचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड (बाहेरून लावायचं इंजिन, आम्ही मशीन म्हणतो), 24 लिटरची सुटी टाकी. घरी छोटा होमस्टे आहे, पाहुण्यांना देवबागच्या संगमापर्यंत फिरवून आणतो आणि पाहुणे नसले की पहाटे गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला जातो. मेच्या शेवटच्या आठवड्यात होडी वर घेऊन शाकारणार, म्हणजे पावसासाठी झाकून ठेवणार, ती थेट सप्टेंबरात पाण्यात.

गेल्या वर्षी मी टाकीत सात-आठ लिटर मिक्स (ऑईल घातलेलं) पेट्रोल तसंच ठेवलं, मशीन पडवीत स्टँडला उभं केलं, वर गोणपाट टाकलं आणि झालं. सप्टेंबरात दोरी ओढून ओढून हाताला फोड आले पण मशीन फुरफुरायलाही तयार नाही. कार्बोरेटर उघडला तर बाऊलच्या तळाला पांढरट चिकट जेली आणि जेटचं भोक हिरवट पावडरीने पूर्ण बुजलेलं, सुई घालून पण निघेना. सुटे भाग यायला नऊ दिवस लागले आणि ते नेमके गणपतीनंतरचे गर्दीचे दिवस, पाहुण्यांना नाही म्हणावं लागलं.

तर यंदा नीट करायचंय. व्हिडिओत सगळे सांगतात टाकी फुल भरून ठेवा, इथे जेट्टीवर सांगतात एक थेंब ठेवू नको. खरं काय? आणि मशीनचं अजून काय काय करायचं असतं?

आउटबोर्डवाला_वेंगुर्ला

जेट्टीवरचे बरोबर सांगतायत. फुल टाकीचा सल्ला चुकीचा नाही पण तो आपल्या हवेसाठी नाही.

आता पंपावर मिळतं ते इ-20, म्हणजे पाचातला एक भाग इथेनॉल, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. जून-जुलैत आपल्याकडे कपाटातले कपडे ओलसर लागतात तिथे टाकीच्या झाकणातून काय आत जात असेल विचार कर. थोडं पाणी इथेनॉल पोटात घेतं, पण एका मर्यादेनंतर ते पाण्याला घेऊन पेट्रोलपासून सुटतं आणि तळाशी बसतं. टाकीतली नळी ओढते तळातूनच. आणि टू-स्ट्रोकवाल्यांनी हे नीट लक्षात घ्या, ऑईल राहतं वरच्या पेट्रोलमध्ये, खालच्या थरात ऑईल जवळजवळ नसतंच, म्हणजे असं मशीन चुकून चालू झालंच तर ते ऑईलशिवाय चालतं आणि पिस्टन धरतो, म्हणजे जाम होतो. तुझं चालू झालं नाही ते एका अर्थी बरंच झालं.

शंका असेल तर काचेच्या पारदर्शक बाटलीत पेट्रोल घे, तासभर उन्हापासून लांब ठेव, खाली वेगळा थर दिसला तर ते पेट्रोल संपलं. त्यात कुठलंही केमिकल घालून ते परत एक होत नाही, उगाच पैसे घालवू नको.

आता मशीन. 200 लिटरचा ड्रम घे, पंखा काढ, मशीन ड्रममध्ये असं लाव की पंख्यावरची आडवी प्लेट पाण्याखाली जाईल, गोडं पाणी भर, न्यूट्रलला चालू कर. पाण्याशिवाय पाच सेकंदसुद्धा चालवू नको, आतला पाणी खेचणारा रबरी इंपेलर जळतो. दहा-पंधरा मिनिटं चालू दे, कारण थर्मोस्टॅट मशीन गरम झाल्यावरच उघडतो, दोन मिनिटांत बंद केलंस तर ब्लॉकमधलं खारं पाणी तसंच आत राहतं आणि चार महिने आतून खात बसतं. मागून पाण्याची धार सारख्या जोराने येतेय ना बघ. मग चालू मशीनलाच पेट्रोलची पाईप काढ, शेवटी थोडं रेस होऊन आपोआप बंद पडेल. लोक इथे थांबतात, पण बाऊलमध्ये दोन-चार चमचे उरतंच आणि त्याचीच जेली होते, तेव्हा बाऊलखालचा स्क्रू सोडून तेही वाटीत काढ.

प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चहाचा एक चमचा 2टी (टू-स्ट्रोकचं) ऑईल, सेफ्टीची दोरी काढून ठेव म्हणजे स्पार्क येणार नाही, आणि स्टार्टरची दोरी हळूहळू सात-आठ वेळा ओढ म्हणजे ऑईल सगळीकडे फिरेल. प्लग परत लाव. मशीन उभंच ठेव, आडवं टाकलंस तर खालच्या भागात राहिलेलं पाणी एक्झॉस्टमधून सिलिंडरकडे जाऊ शकतं.

गिअर ऑईल आत्ताच बदल, सप्टेंबरात नाही. आधी खालचा स्क्रू, मग वरचा. भरताना खालच्या भोकातून भर, वरून यायला लागेपर्यंत, म्हणजे हवा अडकत नाही. वॉशर नवीन टाक, पाच-दहा रुपयांच्या वॉशरसाठी गिअर जातात. काय रंगाचं ऑईल निघतं ते इथे लिही.

देवबागची_ताई

मशीनचं दादांनी सांगितलंच आहे, मी होडीचं सांगते कारण आमच्या घरी तीन होड्या शाकारतात आणि लहानपणापासून तेच बघत आलेय.

होडी भरतीच्या रेषेवर ठेवून भागत नाही, उधाणाची रेषा बघून तिच्याही वर घ्या. खाली माडाचे ओंडके किंवा जुने टायर, नाळ वर आणि मागची बाजू खाली, आणि मागचं बूच काढून खिशात नाही तर घरात खिळ्याला अडकवा. बूच लावून ठेवलेली होडी पावसाने भरते, घनमीटर पाणी म्हणजे एक टन वजन, फायबर मधोमध तडकतं. आमच्या शेजारी असं झालेलं आहे. आपल्याकडे वर्षाला 3000 मिमीच्या वर पाऊस, ताडपत्रीवर एकदा पाणी साचलं की ती फाटतेच, म्हणून मधे बांबूचा कणा घालून दोन्हीकडे उतार द्या. बाजूने वारा खेळायला जागा ठेवा. घट्ट गुंडाळलं तर आत घाम धरतो आणि मशीन लावायच्या फळीत, म्हणजे फायबरच्या आतलं प्लाय, ते कुजतं. आमचे आजोबा झापांनी, म्हणजे माडाच्या विणलेल्या झावळ्यांनी शाकारायचे, झापाखाली होडी कोरडी राहायची आणि श्वास पण घ्यायची, आता झापं विणणारेच कमी राहिले.

उरलेलं मिक्स पेट्रोल आम्ही ग्रास कटरला वापरतो, पावसात गवत काढायला लागतंच की.

आउटबोर्डवाला_वेंगुर्ला

ताई, बाकी सगळं सोळा आणे, पण कटरचं तेवढं करू नका. आउटबोर्डचं टीसी-डब्ल्यू3 ऑईल पाण्याने थंड होणाऱ्या मशीनसाठी असतं, कटर हवेवर थंड होतो आणि फार तापतो, तिथे हे ऑईल कमी पडतं. त्यापेक्षा मेच्या मध्यापासून पाच-पाच लिटरच मिक्स करा, 50:1 ला पाच लिटरमागे 100 मिली, म्हणजे शेवटी उरतच नाही. लिटर-दोन लिटर ताजं उरलं तर जुन्या कार्बोरेटरवाल्या बाईकच्या भरलेल्या टाकीत जिरवता येतं. नवीन बीएस-6 गाडीत अजिबात नको.

लेककाठचा_कोकणी

मूळ रत्नागिरीचा, गेली बरीच वर्षं मिनेसोटात. फुल टाकीचा सल्ला आमच्याकडचा आहे म्हणून लिहितोय.

इथे ऑक्टोबरच्या मध्याला बोट बाहेर काढतात, पुढे तळं गोठतं, पारा शून्याखाली 25 पर्यंत जातो. माझी टाकी बोटीतच बसवलेली, काढून ओतता येत नाही. अर्धी ठेवली तर वरच्या रिकाम्या जागेत थंडी-उबेच्या फेऱ्यात दव धरतं, म्हणून 95 टक्के भरायची, स्टॅबिलायझर (पेट्रोल लवकर खराब होऊ न देणारं केमिकल) घालायचं आणि मग दहा मिनिटं मशीन चालवायचं म्हणजे ते कार्बोरेटरपर्यंत पोचतं, नुसतं टाकीत ओतून उपयोग नाही. शिवाय इथे बोटींसाठी बिनइथेनॉलचं पेट्रोल पंपावर मिळतं, मी तेच भरतो. तुमच्याकडे सुटी टाकी, इ-20 आणि ती हवा, मी तिथे असतो तर रिकामीच केली असती.

गिअर ऑईलचं मात्र दोन्हीकडे सारखंच. पाण्याचा बर्फ होताना ते साधारण 9 टक्के फुगतं, गिअरमध्ये पाणी शिरलेलं असेल तर हिवाळ्यात अख्खं केसिंग चिरतं. तुमच्याकडे चिरणार नाही पण बेअरिंग गंजेल, आणि ते बाहेरून दिसणार नाही.

बॅटरी असेल तर वायर काढून घरात ठेवा, महिन्याला एकदा चार्ज करा, 12.4 व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नका. उष्ण हवेत ती आपोआप लवकर उतरते.

करलीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल दिवसभर बसून केलं. बाऊलचा स्क्रू सोडला तर पाईप काढून बंद पाडल्यावरही खरंच वाटीत तीन चमचे पेट्रोल निघालं.

पण गिअरचा खालचा स्क्रू सोडला तर आधी चमचाभर स्वच्छ पाणी आलं आणि मागोमाग ऑईल, तेही दुधाच्या चहासारखं. पंखा काढला तर शाफ्टवर वॉशरच्या मागे गरवायच्या तंगूसाचा (नायलॉनच्या दोऱ्याचा) हा एवढा गुंडा, उष्णतेने वितळून काळा पडलेला, ब्लेडने कापून काढावा लागला. नवीन ऑईल भरून ठेवलं तर चालेल ना? शाफ्टचं पाणी अडवणारं सील सप्टेंबरात बदलतो.

आउटबोर्डवाला_वेंगुर्ला

नाही, सील आत्ताच. तंगूस शाफ्टवर फिरत सीलच्या ओठात शिरला आणि तिथून पाणी आत गेलं. आत्ता नुसतं ऑईल भरलंस तर आत उरलेला ओलावा चार महिने बेअरिंगवर बसेल. शाफ्टवर सीलच्या जागी नखाला लागेल अशी खाच पडलीय का ते बघ. खाच असेल तर नवीन सीलही टिकणार नाही, आधी शाफ्टचं बघावं लागेल. नसेल तर दोन्ही सील बदल, प्रेशर टेस्ट करून घे, नवीन ऑईल भर, आठवड्याने खालचा स्क्रू जरासा सैल करून पहिला थेंब बोटावर घे. ऑईल स्वच्छ असेल तर शाफ्टला ग्रीस लावून पंखा बसव. आणि मशीनऐवजी स्वतः झिजावा म्हणून लावलेला जस्ताचा तुकडा अर्ध्याहून जास्त झिजला असेल तर तोही याच फेरीत मागव, त्याला रंग लावू नको.