मदत हवी आहे: किनाऱ्यावरच्या हॉटेलात ऑन-ग्रिड सोलरला बॅटरी कशी जोडावी?

नमस्कार मंडळी,

दिवेआगरला आमचं दहा खोल्यांचं हॉटेल आणि खानावळ आहे. गच्चीवर 10 किलोवॅटचं ऑन-ग्रिड सोलर (म्हणजे सरकारी लाइनला जोडलेलं, बॅटरीशिवायचं) आहे, नेट मीटरिंगवर, म्हणजे जास्तीची वीज लाइनला जाते आणि बिलातून वजा होते. चांगल्या उन्हात दिवसाला 40 युनिटच्या आसपास वीज मिळते, बिल बरंच उतरलं. पण लाइट गेली की भर दुपारीही सोलर बंद. खांबावर चढलेल्या वायरमनला उलटा करंट बसू नये म्हणून इन्व्हर्टर आपोआप थांबतो आणि ते योग्यच आहे. आणि रात्री लाइट गेली तर रात्रभर 15 केव्हीएचा जनरेटर, तोही जेमतेम सव्वा किलोवॅटच्या लोडवर. इतक्या कमी लोडवर डिझेल वाया जातं, आणि समुद्राची गाज ऐकायला आलेल्या पाहुण्यांना त्याची घरघर ऐकावी लागते.

जून 2020 मध्ये निसर्ग वादळ याच किनाऱ्यावर आलं, त्यानंतर कित्येक आठवडे वीज नव्हती. तेव्हापासून बाबांचं म्हणणं एकच, मासळीचा डीप फ्रीजर आणि पाण्याचा पंप थांबता कामा नये. मलाही ते पटतं.

म्हणून एसी आणि गीझर बॅटरीवर घ्यायचेच नाहीत असं ठरवलंय. फ्रीज, फ्रीजर, पंखे, दिवे, वायफाय, कॅमेरे यांना संध्याकाळी सात ते सकाळी सहा साधारण 13 युनिट लागतात. चार एसी धरले तर आणखी तीसेक युनिट, म्हणजे बॅटरीचा खर्च तिप्पट. 51.2 व्होल्ट 100 एएचच्या (अँपिअर-अवर, व्होल्टने गुणलं की साठा कळतो) तीन लिथियम फेरो फॉस्फेट बॅटऱ्या घेतल्या तर 15 युनिट साठतात, त्यातले 13 वापरता येतील. एक विक्रेता ट्यूब्युलरचा (घरच्या इन्व्हर्टरला असतात त्या लेड-ॲसिड बॅटऱ्यांचा) आग्रह धरतोय. पण त्यांचा साठा निम्माच वापरायचा म्हटलं तर 12 व्होल्ट 150 एएचच्या सोळा लागतील! शिवाय पाणी भरणं आणि हवेशीर खोली हवी, ते वेगळंच.

अडलंय ते इथे. जुना इन्व्हर्टर ठेवून शेजारी बॅटरी इन्व्हर्टर लावावा, की सरळ हायब्रिड (सोलर आणि बॅटरी दोन्ही सांभाळणारा एकच इन्व्हर्टर) घ्यावा? लाइट नसताना बॅटरी भरली, तर बॅटरी इन्व्हर्टर फ्रिक्वेन्सी वाढवून सोलरला आवरतो असं वाचलंय. जुना इन्व्हर्टर ते ऐकेल का, हे कसं तपासायचं? पंप 2 एचपीचा आहे, सुरू होताना कितीतरी पट करंट ओढतो. सॉफ्ट स्टार्टरने (मोटर हळूहळू सुरू करणाऱ्या उपकरणाने) भागेल का?

सगळ्यात महत्त्वाचं पावसाळ्याचं. लाइट तेव्हाच जास्त जाते आणि ऊनही तेव्हाच नसतं. त्यामुळे जनरेटर काढणार नाही. दिवसा दोन-तीन तास चांगल्या लोडवर चालवून त्यावर बॅटरी भरायची आणि रात्री तो बंद ठेवायचा, असा विचार आहे. जनरेटरची फ्रिक्वेन्सी हलली की हायब्रिड इन्व्हर्टर तो सप्लाय नाकारतो का? कुणी प्रत्यक्ष असं चालवतंय का?

बॅटरीसाठी भटारखान्यामागची खोली सुचवली होती, पण तिथे उष्णता आणि गॅस सिलिंडर दोन्ही आहेत, म्हणून नको म्हटलं. जिन्याखालची जागा कोरडी आहे, तिथे चौथरा बांधता येईल. खाऱ्या हवेत टर्मिनल्सना काय लावता?

रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा गोव्यात किनाऱ्यालगत लिथियम बॅटरीने निदान दोन पावसाळे काढलेल्यांनी अनुभव जरूर लिहा. काम पावसाआधी करायचं आहे. लोडचा तक्ता आणि इन्व्हर्टरच्या लेबलचा फोटो हवा असेल तर इथेच टाकते.