हवाईयन गिटार अजूनही वाजवणारे जुने लोक सांगा, मामाले दाखवायचे आहेत

धानाची_बांधी
राम राम मंडळी. गाव गडचिरोली जिल्ह्यात, वडश्याच्या जवळ. माझा मामा ७१ वर्षाचा, जवानीत ऑर्केस्ट्रात न मंडईच्या (दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या) नाटकाईत हवाईयन गिटार वाजवे, म्हणजे गिटार मांडीवर आडवी ठेवायची न लोखंडी कांडी तारांवरून सरकवायची ती. एका कंपनीनं पुऱ्या सीझनचे पैसे बुडवले तेव्हा त्यानं गिटार पोत्यात बांधून माळ्यावर टाकली, ते आता घराले रंग मारताना निघाली. तीन तारा तुटलेल्या, बाकीच्या गंजून लाल. कांडी काही सापडली नाही तर मामानं मोटरसायकलचा प्लग खोलायचा पाना घेतला, फडक्यानं पुसला, न उरलेल्या एका तारेवर अशी मींड काढली का मामी चुलीपासून उठून दारात आली. बस एकच. मग म्हणे "आता हे कोण वाजवते बे" न ठेवून देल्ली.
तर मले असे लोक पाहिजेत जे त्याच्या वयाच्या आसपासचे आहेत न अजून वाजवून राहिले. पायानं पेडल दाबून वाजवतात ते नको, एक व्हिडिओ दाखवला तर म्हणे हे गिटार आहे का शिलाई मशीन. आणि गिटार चालू करायले काय करू तेही सांगा.

तबलजी_ब्रह्मपुरी
भाऊ पहिलं नाव पंडित विश्वमोहन भट्ट, जयपूर. जन्म १९५०, म्हणजे मामापेक्षा मोठेच. त्याहीनं गिटारले तरफा न चिकारी (सतारीसारख्या जास्तीच्या तारा) लावून मोहनवीणा बनवली पण वाजवायची रीत तीच, मांडीवर आडवी न हातात कांडी. अमेरिकन गिटारवाला राय कूडरसोबतच्या 'अ मीटिंग बाय द रिव्हर' अल्बमले १९९४ साली ग्रॅमी भेटला. ते पूर्ण लाव, तुकडे नको लावू.

रेडिओ_जुना
मोहनवीणा चांगलीच आहे पण मामांनी मंडईत गाणी वाजवली असतील, राग नाही, त्यांना त्यांच्या ओळखीचा आवाज ऐकवा ना. व्हॅन शिपले, सुनील गांगुली, हजारा सिंग. रेडिओवर बातम्यांच्या आधी दोन-तीन मिनिटं उरली की हेच लागायचं आणि आई कणीक मळता मळता गाणं ओळखायची. हे तिघंही आता नाहीत, पण मामांचा कान तिथूनच उघडेल असं माझं मत.

तबलजी_ब्रह्मपुरी
धागा "अजून वाजवणारे" असा आहे काका 🙂

रेडिओ_जुना
हो रे बाबा, माहीत आहे. मग देबाशिष भट्टाचार्य घे. कोलकात्याचे, १९६३ चा जन्म, त्यामुळे मामाच्या मानाने पोरगाच, पण वाजवतात आणि शिकवतातही. त्यांचे गुरू ब्रिजभूषण काबरा, १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' अल्बममध्ये संतूर आणि बासरीच्या जोडीला गिटार आहे ती काबरांची. काबरा २०१८ मध्ये गेले. बनारसच्या कमला शंकर पण ऐकवा, गायकी अंगानं वाजवतात, बाई गातेय असंच वाटतं.

अकोला_एक्स्प्रेस
शिलाई मशीन 😂 मामा एकदम बरोबर बोलले. पेडल स्टीलमध्ये पाय न गुडघ्यानं तारा चढवता-उतरवता येतात, त्यामुळे कॉर्ड (एकदम वाजणाऱ्या सुरांचा मेळ) बदलाले सोपं. बिनपेडलवाल्याले तेच काम कांडी तिरपी धरून करा लागते, न तिरपी धरली का जराशी चूक झाली तरी सूर गेला. अमेरिकेत नॅशव्हिलमध्ये, कंट्री गाण्याईच्या गावात, १९५४ नंतर सगळे पेडलकडे पळाले तेव्हा जेरी बर्ड नावाचा माणूस अडून बसला का मी नाही घेत, न १९७२ मध्ये सरळ हवाईले राहाले गेला. तो २००५ मध्ये वारला पण त्याचा चेला अ‍ॅलन अकाका होनोलुलूत वाजवते न शिकवते. मामाले हे दाखव, समुद्रकिनाऱ्यावर बसून मांडीवरच वाजवून राहिला. दुसरी सिंडी कॅशडॉलर, अमेरिकेतली बाई, ते बी अशीच बिनपेडलची वाजवते, जुना डान्सवाला बाज, मामीले बी आवडन.

वर्धेची_वैशाली
गिटारबद्दल मी सांगते, माझे बाबा ही वाजवायचे. नवीन तारा लावून लगेच जोरात कसू नका, माळ्यावर इतकी वर्षं उन्हाळे खाल्लेली गिटार आहे, मागून ब्रिज (तारा खाली जिथे अडकवतात ती लाकडी पट्टी) उखडला असेल तर तार चढवली की सुटेल. आधी ब्रिजखाली कागद सरकतो का बघा, सरकला तर पहिले सुताराला नाही, गिटार दुरुस्त करणाऱ्याला दाखवा. सुतार फेविकॉल लावून खिळा मारतो, आमच्याकडे झालंय 😑
मग मानेच्या टोकाची पट्टी उंच आहे का बघा, जिच्यावरून तारा जातात ती. हवाईयनला तारा उंच लागतात, नाहीतर कांडी खालच्या पट्ट्यांवर खडखड करते. आणि कूलरसमोर ठेवू नका.

धानाची_बांधी
कागद सरकला नाही ताई. पट्टी उंच आहे, पितळेची वाटते, मामानं स्वतः घासून बसवली होती म्हणे. सूर कोणते लावायचे? तो विसरला म्हणते पण मले वाटते खोटं बोलते.

अकोला_एक्स्प्रेस
जाड तारेपासून सा प सा ग प सा, सा म्हणजे इंग्रजी डी सूर. साध्या गिटारच्या सुरापासून सहावी (सगळ्यात जाड), दुसरी, पहिली एक-एक सूर उतरव, तिसरी अर्धा, पाचवी-चौथी तशाच. काहीच चढवा लागत नाही म्हणून जुन्या गिटारले हेच बरं. हवाईवाले सा ग प ध सा ग लावतात, सी सिक्स म्हणतात त्याले, पण त्याच्यासाठी तारांचे नंबर (जाडी) वेगळे लागतात, ते मग.

तबलजी_ब्रह्मपुरी
न पान्यानं वाजवू देऊ नको भाऊ, वजन कमी पडते न कडेनं तार कापते. चांगली भरीव कांडी मागव, कोलकात्याच्या लालबाजारकडच्या दुकानाईत हवाईयनचं सामान भेटते, पार्सल करतात का फोनवर विचारून घे.

धानाची_बांधी
काल रात्री लाइन गेली होती न मोबाईलवर भट्टजी लावले. मामा खाटेवर पडून ऐके. पंधरा-वीस मिनिटं एक शब्द नाही, मले वाटलं झोपला. मग अंधारातच म्हणे, "डावा हात पाह्य त्याचा, कांडीमागची बोटं तारेवर टेकवून ठेवली त्यानं, म्हणून मागून कचकच येत नाही. आमच्या पोट्ट्याइले हेच सांगून सांगून थकलो होतो मी." मग त्या होनोलुलूवाल्याचा लावला तर उठून बसला न आधी तो किती वर्षाचा ते विचारलं.
आज सकाळी मले पैसे देल्ले का तारा घेऊन ये म्हणून. वडश्यातल्या दुकानात दोन सेट आहेत, १२ चा न १३ चा (१३ चा जाड). कोणता आणू? दुकान दुपारी बंद होते.

वर्धेची_वैशाली
डीला उतरवायची म्हणजे १३ चालला असता, पण जाड तारा जास्त ओढतात आणि मान जुनी आहे, १२ चाच आणा. आणि पहिल्या दोन तारा सुट्या जास्तीच्या घ्या, त्या आधी तुटतात.