मार्कशीटवर बी.एस्सी., दाखल्यावर बी.सी.एस. : माझी पदवी नक्की कोणती?

प्रवराकाठची
नमस्कार. 2019 साली नगर जिल्ह्यातल्या एका कॉलेजातून मी बीसीएस झाले. निदान आजवर सगळ्यांना तसंच सांगत आले. गेल्या महिन्यात नवी नोकरी लागली आणि पडताळणी करणाऱ्या एजन्सीने कागद परत पाठवले. तिन्ही वर्षांच्या मार्कशीटवर आणि पदवी प्रमाणपत्रावर ‘बी.एस्सी. (कॉम्प्युटर सायन्स)’ आहे. कॉलेज सोडल्याच्या दाखल्यावर आणि माझ्या बायोडेटात ‘बी.सी.एस.’. एचआरची मुलगी म्हणते, “मॅम, या दोन वेगळ्या डिग्र्या दिसतायत.” आई विचारते, म्हणजे तू शिकलीस तरी काय? ही नावं ठरवतं कोण? आणि मी आता काय करू?

काळाकोट
ताई, तुम्ही एकट्या नाही. मी पुण्याचा बी.एस.एल. एलएल.बी., बायको मुंबईची बी.एल.एस. एलएल.बी. दोन्ही बारावीनंतरचे कायद्याचे पाच वर्षांचे कोर्स. लग्नपत्रिकेच्या प्रुफात छापखानेवाल्याने दोघांचं एकच करून टाकलं होतं. म्हणे, “साहेब, अक्षरं उलटी पडली असं वाटलं.”

दप्तरी
एका विद्यापीठाच्या शैक्षणिक विभागात 31 वर्षं काढली. कोणत्या ते विचारू नका, पेन्शन चालू आहे.

आधी तुमच्या कामाचं. पदवी प्रमाणपत्रावर छापलंय तेच तुमच्या पदवीचं नाव. बीसीएस हे तोंडातलं नाव. पुणे-नगर-नाशिककडे बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सला पूर्ण नावाने कोणी हाक मारत नाही, आणि दाखला लिहिणाऱ्याने तेच कागदावर उतरवलं. बायोडेटा आजच्या आज दुरुस्त करा. कॉलेजातून दाखला बदलून घ्या. तो बदलायला वेळ लागणार असेल तर तोवर प्राचार्यांच्या सहीचं पत्र घ्या, ‘दाखल्यातील बी.सी.एस. म्हणजेच बी.एस्सी. (कॉम्प्युटर सायन्स)’ असं. त्यात पीआरएन नंबर, म्हणजे विद्यापीठाने दिलेला तुमचा कायमचा नोंदणी क्रमांक, हवाच, नाहीतर तो कागद कोणाचाही होतो.

आता नाव कोण ठरवतं ते. कागदोपत्री सरळ आहे: अभ्यास मंडळातून प्रस्ताव निघतो, विद्याशाखेतून विद्यापरिषदेपुढे जातो, मंजूर झाला की परिपत्रक. टिपणीत त्याला ‘पदवीचे नामाभिधान’ म्हणतात. प्रत्यक्षात, एका बैठकीत मी इतिवृत्त लिहायला बसलो होतो. अभ्यासक्रमाची साठ पानं वीस मिनिटांत मंजूर झाली आणि नावावर दोन तास गेले. एक प्राचार्य म्हणाले, नावात ‘मॅनेजमेंट’ घाला, त्याशिवाय जागा भरत नाहीत. दुसरे म्हणाले, ‘सायन्स’ गेलं तर पोरांना पुढे एम.एस्सी.ला कोण घेणार? शेवटी मॅनेजमेंट कंसात गेलं. चहा दोनदा झाला. कंस हा आमच्याकडे तडजोडीचा सरकारमान्य मार्ग. कंसाबाहेर पदवी, कंसात विषय, आणि नोकरीच्या अर्जात नेमका कंसातला भाग गळतो.

पूर्वी आत्या कानात सांगेल ते नाव, अशी विद्यापीठांची गत होती. कायदा मात्र तेव्हाही होताच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 1956 च्या कायद्यातलं कलम 22 वाचा. पदवी कोणी द्यायची हे त्यात आहेच, पण ‘पदवी’ म्हणजे आयोगाने केंद्राच्या मंजुरीने राजपत्रात नमूद केलेलीच पदवी, हेही आहे. 2014 मध्ये आयोगाने नवी यादी राजपत्रात दिली आणि सांगितलं की यादीबाहेरचं नाव हवं असेल तर अभ्यासक्रम सुरू करण्याच्या सहा महिने आधी आमच्याकडे या. म्हणजे आता आत्याने दिल्लीच्या यादीतूनच नाव निवडायचं. त्याच वर्षी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेलाही हे लागलं. 2011 पासून चालू असलेल्या त्यांच्या चार वर्षांच्या बी.एस.चं ‘बॅचलर ऑफ सायन्स (रिसर्च)’ झालं. बघा, तिथेही कंसच.

आयआयएमवाल्यांची गोष्ट वेगळी. पदवी द्यायचा अधिकारच नव्हता, म्हणून इतकी वर्षं पदविका. 2017 चा कायदा जानेवारी 2018 अखेर लागू झाला, तेव्हा कुठे एमबीए. ज्या पदविकेला सगळा देश नोकरी देत होता, तिला ‘पदवी’ म्हणवून घ्यायला संसदेचा कायदा लागला. नावाचं वजन कळलं ना?

लोकलकर
माझं मुंबई विद्यापीठाचं एम.एम.एस., म्हणजे तेही मॅनेजमेंटचंच, मावसभावाचं पुण्याचं एमबीए. दोघांची प्रवेश परीक्षा एकच, तिच्या नावातही एमबीए आणि एमएमएस शेजारी शेजारी. पण ऑनलाइन अर्जाच्या यादीत एमएमएस सापडेल तर शपथ. ‘इतर’ निवडलं की खाली टीप येते, ‘कृपया समकक्षता प्रमाणपत्र जोडा’. मी सरळ एमबीए निवडतो. काका, चूक आहे का?

दप्तरी
अर्ज सरकारी असेल तर चूक. ‘इतर’ निवडा आणि विद्यापीठाकडून पत्र घ्या. खाजगी असेल तर शेऱ्याच्या रकान्यात खरं नाव लिहा. उद्या तुमच्यासमोरही प्रवराकाठच्या ताईंचीच एजन्सी बसेल.

हिशेबनीस
आमच्याकडे कॉमर्सचं बीसीए होतं, त्याचं बीबीए (सीए) झालं. सीए म्हणजे कॉम्प्युटर ॲप्लिकेशन. मुलाच्या स्थळासाठी आलेल्या लोकांना तीनदा सांगितलं की तो सीए नाही. तरी जाताना विचारतात, “ऑडिटच्या सीझनला फार धावपळ होत असेल ना?”

काळाकोट
स्थळ जमलं का?

हिशेबनीस
कंस उघडून सांगितल्यावर नाही.

प्रवराकाठची
दप्तरी काका, आज रजा टाकून कॉलेजात गेले. क्लार्कदादा ओळखीचे निघाले, दाखला तासाभरात बदलून मिळाला. फक्त छापील रकाना लहान आहे, म्हणून त्यांनी ‘बी.एस्सी. (कॉम्प.)’ असं लिहून दिलंय. आता हे चालेल ना?

दप्तरी
नाही. परत जा. कंसातलं पूर्ण लिहून घ्या, अक्षरं रेघेबाहेर गेली तरी हरकत नाही. आणि त्यांनी त्याच कागदावर खोडून लिहिलं, तर खाडाखोडीशेजारी प्राचार्यांची सही आणि गोल शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.