ध्वनी पाण्यात शिरताना स्तंभिकेपासून दूर का जातो?

धरमपेठकर : माझी मुलगी दहावीत आहे. प्रकाश विरल माध्यमातून घन माध्यमात शिरला की स्तंभिकेकडे (सीमेवर काढलेल्या लंबरेषेकडे) झुकतो, हे तिला तोंडपाठ आहे. मात्र ध्वनी हवेतून पाण्यात जाताना नेमका उलट वळतो, असे तिच्या वाचनात आले. पाणी तर हवेपेक्षा घनच आहे. मग ध्वनीसाठी नियम वेगळा आहे का?

निवृत्त प्राध्यापक : नियम एकच आहे, फक्त पदार्थाची घनता न पाहता त्या लहरीचा वेग पाहावा. तिरप्या येणाऱ्या तरंगाग्राचे (लहरीच्या पुढच्या कडेचे) एक टोक सीमेवर आधी पोहोचते; तेथे वेग घटला तर ते टोक रेंगाळते, दुसरे जुन्याच वेगाने पुढे येत राहते आणि अख्खे तरंगाग्र वळते. वारंवारता तीच राहते, तरंगलांबी बदलते. प्रकाशाचा वेग हवेत सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर, तर पाण्यात सुमारे २.२५ लाख किलोमीटर असतो, म्हणून तो स्तंभिकेकडे झुकतो. ध्वनीचा वेग मात्र हवेतील सुमारे ३४३ मीटरवरून पाण्यात जवळपास १४८० मीटर होतो, म्हणून तो दूर जातो. खुद्द प्रकाशाच्या बाबतीतही घनतेवर विसंबता येत नाही : टर्पेंटाइन पाण्यावर तरंगते, तरी त्याचा अपवर्तनांक (निर्वातातील प्रकाशाचा वेग त्या माध्यमातील वेगाच्या किती पट आहे तो आकडा) सुमारे १.४७, म्हणजे पाण्याच्या १.३३ पेक्षा जास्त आहे.

धरमपेठकर : आभारी आहे, सर. म्हणजे ध्वनीलाही क्रांतिक कोन (ज्याच्यापलीकडे लहर दुसऱ्या माध्यमात न शिरता परत फिरते तो कोन) असणार?

निवृत्त प्राध्यापक : अर्थातच, आणि तो हवेच्या बाजूने असतो. दोन वेगांच्या गुणोत्तरावरून तो स्तंभिकेपासून साधारण १३ अंश येतो. त्याहून तिरपा आलेला ध्वनी पाण्याच्या पृष्ठभागावरून परत फिरतो. मुलीला हे गणित स्वतः करू द्यावे.

अजनीवासी : थोडी भर घालतो. मे महिन्यात वर्धा रोडवर दिसणारे मृगजळही याच कारणाने दिसते, फक्त तेथे दोन माध्यमांमधली ठळक सीमा नसते. डांबरालगतची तापलेली हवा विरळ असल्याने तिच्यात प्रकाशाचा वेग किंचित जास्त असतो आणि आकाशाकडून येणारा किरण हळूहळू वर वळत डोळ्यांपर्यंत पोहोचतो. हवेचा अपवर्तनांक जेमतेम १.०००३ असल्यामुळे हा फरक अत्यल्प असतो. त्यामुळे रस्त्याला जवळजवळ समांतर येणारे किरणच असे वळू शकतात आणि ते ‘पाणी’ नेहमी लांबच दिसते. उष्ण हवेत ध्वनीचाही वेग वाढतो, म्हणून भर दुपारी आवाज वर उचलला जातो. हिवाळ्याच्या शांत रात्री जमिनीलगतची हवा अधिक थंड असते, तेव्हा तोच आवाज खाली वळतो आणि रेल्वेची शिटी एरवीपेक्षा बऱ्याच लांबवर ऐकू येते.